केनियातील 'नासा' आघाडी (२०१७-१८) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियातील २०१७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला की वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि कायद्यातल्या खाचाखोचांचे शेवटी घेतले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'नासा' म्हणजे काय? अमेरिकेच्या अवकाश संस्थेशी याचा काही संबंध आहे का?

काहीही संबंध नाही. 'नॅशनल सुपर अलायन्स' या नावाची आद्याक्षरे जुळून 'नासा' हे नाव झाले. जानेवारी २०१७ मध्ये नैरोबीतील बोमास सभागृहात विरोधी पक्षांचा मेळावा झाला आणि तेथे या आघाडीची घोषणा झाली. सर्व विरोधकांनी एकाच छत्राखाली यावे ही कल्पना मुसालिया मुडावाडी यांनी लावून धरली होती. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा आणि उपराष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांच्या ज्युबिली पक्षाला ऑगस्ट २०१७ च्या निवडणुकीत हरवणे, हे आघाडीचे उघड आणि एकमेव उद्दिष्ट होते.

२. आघाडीत कोण कोण होते?

सुरुवातीला चार नेते होते. ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट म्हणजे ओडीएमचे राइला ओडिंगा, विपर पक्षाचे कलोंझो मुस्योका, अमानी नॅशनल काँग्रेसचे मुसालिया मुडावाडी आणि फोर्ड-केनियाचे मोझेस वेटांगुला. एप्रिलमध्ये बोमेट काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) गव्हर्नर आयझॅक रुटो आपला 'चामा चा मशिनानी' हा पक्ष घेऊन पाचवे नेते म्हणून आले. (उपराष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो वेगळे. आडनावामुळे बऱ्याच वाचकांचा गोंधळ होतो.)

केनियात पक्ष हा बहुतेक वेळा एका नेत्याचा आणि त्याच्या मागे असलेल्या एका समाजाचा असतो, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या यादीचा अर्थ लागत नाही. राइला यांच्यामागे व्हिक्टोरिया सरोवराकाठचा लुओ समाज एकदिलाने उभा होता आणि किनारपट्टीवरही त्यांचा जोर होता. कलोंझो यांच्याकडे मचाकोस, किटुई, मकुएनी या काउंटींतील कांबा मते होती. मुडावाडी आणि वेटांगुला दोघेही पश्चिमेकडच्या लुह्या समाजाचे, पण एकाचा गड विहिगा तर दुसऱ्याचा बुंगोमा. आयझॅक रुटो यांच्याकडून अपेक्षा होती ती उपराष्ट्राध्यक्षांच्याच कालेंजिन समाजात थोडी तरी फूट पाडण्याची. ती अपेक्षा फोल ठरली आणि ते स्वतःचे गव्हर्नरपदसुद्धा ज्युबिलीच्या उमेदवाराकडून हरले.

३. आघाडीची गरजच काय होती? एकट्या पक्षाला निवडणूक जिंकता येत नाही का?

२०१० च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात, शिवाय ४७ पैकी किमान २४ काउंटींत प्रत्येकी २५ टक्के मते मिळवावी लागतात. एका समाजाच्या बळावर हा उंबरठा ओलांडणे कोणालाही शक्य नाही.

विरोधकांच्या मनात त्याहून जुनी एक सल होती. १९९२ मध्ये बहुपक्षीय निवडणुका परत आल्या तेव्हा फोर्ड ही विरोधकांची संघटना फुटली आणि डॅनियल अराप मोई सुमारे ३६ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. १९९७ मध्येही विरोधी मते विखुरलेलीच राहिली. २००२ मध्ये मात्र 'नार्क' आघाडीने म्वाई किबाकी यांना एकच उमेदवार मानले आणि ते ६२ टक्के मतांनी निवडून आले. केनियातील विरोधकांनी यातून एकच धडा घेतला, की एक झालो तर जिंकतो. त्याच नार्कचा दुसरा धडा त्यांनी घेतला नाही, असे माझे मत आहे. सत्तावाटपाचा लेखी करार किबाकी यांनी पाळला नाही आणि २००५ च्या घटनादुरुस्तीवरील सार्वमतात हीच मंडळी एकमेकांविरुद्ध उभी राहिली. ओडीएमचा जन्म त्या सार्वमतातला. 'नको'चे चिन्ह संत्रे होते, 'हवे'चे केळे, म्हणून पक्षाचे नाव ऑरेंज.

४. ही आपल्याकडच्या आघाड्यांसारखीच होती का?

वरवर तशी वाटते, पण एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे संसदीय पद्धत असल्याने आघाडीतला लहान पक्षही निवडणुकीनंतर आमदार-खासदारांच्या संख्येवर मोलभाव करू शकतो आणि सरकारला पाठिंबा देऊ किंवा काढू शकतो. केनियात कार्यकारी सत्ता थेट निवडून आलेल्या एका व्यक्तीच्या हाती जाते आणि खासदाराला मंत्री व्हायचे असेल तर खासदारकी सोडावी लागते. त्यामुळे निवडणुकीच्या आधीच, उमेदवार ठरतानाच, सगळा मोलभाव उरकावा लागतो. निवडणूक हरली तर वाटायला काहीच उरत नाही, कारण तेथे हरलेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला विरोधी पक्षनेत्याची खुर्चीसुद्धा नसते. राइला आणि कलोंझो २०१७ नंतर कोणत्याच सभागृहात नव्हते.

५. मग राइलाच उमेदवार का झाले? बाकीचे तयार कसे झाले?

आकड्यांचा विचार केला तर दुसरा पर्याय नव्हता. २०१३ मध्ये राइला यांना सुमारे ४३ टक्के मते होती आणि त्याच निवडणुकीत स्वतंत्रपणे लढलेल्या मुडावाडी यांना ४ टक्केही मिळाली नव्हती. तरी निर्णयाला तीन महिने लागले. कलोंझो २०१३ मध्येही राइला यांचे सहउमेदवार होते आणि पुढच्या वेळी आपली पाळी, असे त्यांना मिळालेल्या शब्दाचे स्मरण त्यांचे समर्थक करून देत होते.

अखेर २७ एप्रिल २०१७ रोजी नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये प्रचंड गर्दीसमोर घोषणा झाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी राइला, उपराष्ट्राध्यक्षपदासाठी कलोंझो. मुडावाडी यांच्यासाठी सरकारच्या कामाचा समन्वय करणारे 'प्रीमियर कॅबिनेट सेक्रेटरी' हे नवे पद योजले, तर वेटांगुला आणि आयझॅक रुटो यांना त्यांच्या हाताखालची उपपदे. (केनियात मंत्र्याला कॅबिनेट सेक्रेटरी म्हणतात.) या पदांना राज्यघटनेत आधार नव्हता आणि ती सर्वस्वी भावी राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर अवलंबून होती. मुडावाडींच्या पदाचे पुढे काय झाले ते प्रश्न १३ मध्ये आहे.

प्रचारात राइला यांना बायबलमधील यहोशवाची उपमा दिली गेली आणि समर्थकांना 'कनान' देशात, म्हणजे वचनदत्त भूमीत, नेण्याची भाषा झाली. समर्थक त्यांना 'बाबा' म्हणत. स्वाहिलीतही या शब्दाचा अर्थ आपल्यासारखाच 'वडील' असा आहे, हे वाचून अनेकांनी सुखद आश्चर्य कळवले आहे.

६. ८ ऑगस्टच्या निवडणुकीत काय झाले?

मतदानाच्या काही दिवस आधी निवडणूक आयोगाचे तंत्रज्ञान व्यवस्थापक ख्रिस म्सांडो यांची हत्या झाली. निकाल पाठवण्याची संगणकीय यंत्रणा ज्यांच्या देखरेखीखाली होती त्याच अधिकाऱ्याचा मृतदेह नैरोबीबाहेर सापडल्याने पुढच्या प्रत्येक आकड्यावर संशयाची छाया पडली. ११ ऑगस्टला आयोगाने केन्याटा यांना ८२,०३,२९० मते (५४.२७ टक्के) आणि राइला यांना ६७,६२,२२४ मते (४४.७४ टक्के) जाहीर केली. नासाने निकाल नाकारला.

नैरोबीतील वस्त्यांत आणि किसुमूमध्ये निदर्शने झाली, पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि माणसे मेली. किसुमूमध्ये पोलीस एका घरात घुसले आणि त्यांच्या मारहाणीत सहा महिन्यांचे बाळ जखमी होऊन काही दिवसांनी दगावले. आघाडीच्या इतिहासात नेत्यांची नावे राहतात. ज्यांनी तिची किंमत मोजली ती माणसे बहुतेक अशी घरातली होती.

७. सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द का केला? मते मोजण्यात चूक झाली होती का?

चूक मोजणीत नव्हे, मोजलेला आकडा वर पाठवण्यात सापडली, आणि हे समजण्यासाठी कागदांची साखळी पाहायला हवी.

देशात ४०,८८३ मतदान केंद्रे होती. मतदान संपल्यावर केंद्रातच, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर, मतपत्रिका एकेक करून उलगडल्या जात आणि बेरीज 'नमुना ३४-अ' या कागदावर लिहून त्यावर केंद्राधिकारी आणि प्रतिनिधी सह्या करत. त्याच कागदाचा फोटो टॅबलेटवरून आकड्यासोबत पाठवायचा होता. २९० मतदारसंघांत हे आकडे 'नमुना ३४-ब'वर एकत्र व्हायचे आणि शेवटी बोमास सभागृहात 'नमुना ३४-क'वर देशाची बेरीज. म्हणजे दूरदर्शन संचावर धावणारा प्रत्येक आकडा कोणत्या तरी सही केलेल्या कागदापर्यंत मागे नेता आला पाहिजे, ही या व्यवस्थेची कल्पना होती.

प्रत्यक्षात आकडे झरझर आले, पण हजारो केंद्रांच्या ३४-अ नमुन्यांचे फोटो आलेच नाहीत आणि ते हाती नसताना आयोगाने विजेता जाहीर केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली तपासणी झाली तेव्हा काही नमुन्यांवर सुरक्षाचिन्हे किंवा सह्याच नव्हत्या. न्यायालयाने आयोगाला सर्व्हर पाहू देण्याचा आदेश दिला होता. आयोगाने तो पुरता पाळला नाही, आणि लपवण्यासारखे काही असल्याखेरीज कोणी असे करणार नाही, हा निष्कर्ष बहुमताने आयोगाच्या विरोधात काढला.

१ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांनी ४ विरुद्ध २ मतांनी निवडणूक रद्दबातल ठरवली. त्यांच्यासोबत फिलोमेना म्विलू, स्मोकिन वांजाला आणि आयझॅक लेनाओला होते. जॅकटन ओज्वांग आणि न्जोकी न्डुंगू यांनी विरोधी मत दिले. सातवे न्यायमूर्ती आजारी पडल्याने निकालात सहभागी नव्हते. आफ्रिकेत सत्तेवरील राष्ट्राध्यक्षाचा विजय न्यायालयाने रद्द करण्याची ही पहिलीच वेळ होती. याचिका सात दिवसांत दाखल करायची आणि न्यायालयाने ती चौदा दिवसांत निकाली काढायची, अशी घटनेतील मुदत असताना हे सगळे घडले, हेही लक्षात ठेवावे. आणि न्यायालयात जाणार नाही असे नासाचे नेते सुरुवातीला सांगत होते. २०१३ ची त्यांची याचिका एकमताने फेटाळली गेल्याची कटू आठवण ताजी होती.

८. म्हणजे राइला जिंकले होते, असे न्यायालय म्हणाले का?

नाही. कोण जिंकले हे न्यायालयाने ठरवले नाही आणि केन्याटा यांनी स्वतः गैरप्रकार केल्याचा पुरावा नसल्याचेही नमूद केले. ज्या प्रक्रियेतून निकाल आला ती घटनेनुसार नव्हती, म्हणून ६० दिवसांत नवी निवडणूक घ्या, एवढाच आदेश होता.

९. इतका मोठा विजय मिळाल्यावर राइला यांनी फेरनिवडणुकीतून माघार का घेतली?

हा प्रश्न सर्वाधिक येतो. नासाचे म्हणणे असे होते, की ज्या आयोगाने पहिली निवडणूक बिघडवली तोच, त्याच अधिकाऱ्यांसह आणि त्याच यंत्रणेने दुसरी घेणार असेल तर निकाल वेगळा कसा येईल? त्यांनी अधिकारी बदलण्यापासून तंत्रज्ञानाच्या तपासणीपर्यंत काही किमान मागण्या ठेवल्या. त्या मान्य झाल्या नाहीत आणि ज्युबिलीने संसदेत निवडणूक कायद्यातच बदल सुरू केले. १० ऑक्टोबरला राइला यांनी माघार जाहीर केली. आठवड्याभरात आयोगाच्या सदस्य रोझलिन अकोंबे देश सोडून न्यूयॉर्कला गेल्या आणि आयोग विश्वासार्ह निवडणूक घेऊ शकत नाही असे सांगून त्यांनी राजीनामा दिला. त्यामुळे नासाचा आक्षेप निव्वळ बहाणा होता, असे मला म्हणवत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. माघारीमुळे आघाडीच्या हातातले एकमेव सामायिक काम संपले. पाच पक्षांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे एक उमेदवार आणि एक मतदान, आणि ती दोन्ही एका दिवसात नाहीशी झाली.

२४ ऑक्टोबरला उपसरन्यायाधीश म्विलू यांच्या अंगरक्षकावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी, मतदानाच्या आदल्या दिवशी, निवडणूक पुढे ढकलण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे होती, पण न्यायालयात केवळ दोन न्यायमूर्ती हजर झाले. पाचांची गणसंख्या न झाल्याने मारागा यांनी सुनावणी होऊ शकत नसल्याचे जाहीर केले.

१०. माघार घेतली असताना राइला यांना फेरनिवडणुकीत मते कशी मिळाली?

कारण त्यांचे नाव मतपत्रिकेवर होते. राइला यांचा कायदेशीर युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालातील एका विवेचनावर आधारलेला होता. त्यानुसार उमेदवार मैदान सोडून गेला तर नव्याने अर्ज भरून घ्यावे लागतील, म्हणजे सारी प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागेल. आयोगाची भूमिका अशी, की माघारीचा विहित नमुना राइला यांनी भरून दिला नाही, सबब ते उमेदवारच आहेत. त्याच सुमारास उच्च न्यायालयाने एकुरू औकोट या लहान पक्षाच्या उमेदवारालाही फेरनिवडणुकीत स्थान दिल्यावर आयोगाने ऑगस्टमधील उमेदवारांना पुन्हा मैदानात घेतले.

२६ ऑक्टोबरच्या मतदानात केन्याटा यांना ७४,८३,८९५ मते म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि न लढलेल्या राइला यांना ७३,२२८. ऑगस्टमध्ये सुमारे ७९ टक्के असलेले मतदान ३९ टक्क्यांच्या आसपास घसरले. होमा बे, किसुमू, मिगोरी आणि सियाया या चार काउंटींतील २५ मतदारसंघांत मतदान होऊच शकले नाही. तरीही २० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ही निवडणूक वैध ठरवली.

११. 'जनतेचा राष्ट्राध्यक्ष' ही शपथ काय होती? तिला कायद्याने काही अर्थ होता का?

कायद्याने काहीही अर्थ नव्हता. समांतर शपथविधी हा राजद्रोह ठरेल, असा इशारा महाधिवक्त्यांनी डिसेंबरमध्येच दिला होता. फेरनिवडणुकीच्या आदल्या दिवशी राइला यांनी आघाडीचे रूपांतर प्रतिकार चळवळीत करत असल्याचे सांगितले होते. त्यानंतर सफारीकॉम, ब्रुकसाइड आणि बिडको या तीन कंपन्यांच्या मालावर बहिष्काराची हाक दिली गेली, म्हणजे मोबाइलचे सिम, दूध आणि खाद्यतेल या रोजच्या वस्तूंपर्यंत हे भांडण पोहोचले.

३० जानेवारी २०१८ रोजी उहुरू पार्क माणसांनी फुलून गेले होते. राइला यांनी हातात हिरवे बायबल उंचावून 'जनतेचा राष्ट्राध्यक्ष' म्हणून शपथ घेतली आणि थोड्याच वेळात ते निघून गेले. सरकारने सिटिझन, एनटीव्ही आणि केटीएन या वाहिन्यांचे प्रक्षेपण बंद पाडले आणि उच्च न्यायालयाने आदेश देऊनही ते लगेच सुरू केले नाही. पण त्या दिवशी लोकांनी डोळे ताणून पाहिले ते व्यासपीठावरच्या रिकाम्या जागांकडे. कलोंझो, मुडावाडी आणि वेटांगुला तिघेही आले नव्हते. माझ्या लेखी आघाडी मोडली ती त्या दुपारी. पुढचे सगळे सोपस्कार होते.

१२. मग 'हस्तांदोलना'मुळे आघाडी फुटली असे का म्हणतात?

कारण ते सर्वांना दिसले. ९ मार्च २०१८ रोजी राइला आणि केन्याटा नैरोबीतील हरांबी हाउसच्या पायऱ्यांवर एकत्र उभे राहिले, त्यांनी हात मिळवले आणि देशात समेट घडवण्याची घोषणा केली. केनियात आजही नुसते 'हँडशेक' म्हटले की हाच प्रसंग समजतात. आघाडीच्या इतर नेत्यांना याची कल्पना नव्हती. त्याच महिन्यात ओडीएमने वेटांगुला यांना सिनेटमधील विरोधी गटाच्या नेतेपदावरून दूर करून जेम्स ओरेंगो यांना बसवले, आणि हा काडीमोड सुखासुखी होणार नाही असे वेटांगुला यांनी जाहीरपणे बजावले.

देशात रक्तपात थांबला, हे हस्तांदोलनाचे श्रेय मी नाकारत नाही. पण ज्यांनी आघाडीसाठी लाठ्या खाल्ल्या त्यांना कोणीही विचारले नव्हते, आणि ज्या निवडणूक सुधारणांसाठी माघार घेतली होती त्या समेटाच्या गडबडीत मागे पडल्या.

१३. कायद्याच्या दृष्टीने नासा कधी संपली? तिचे नेते पुढे कुठे गेले?

आघाडीचा करार राजकीय पक्षांच्या निबंधकांकडे नोंदवलेला असल्याने ती कागदावर २०२१ पर्यंत जिवंत होती. संसदेतील समित्यांवरच्या जागा आणि सरकारी पक्षनिधीचा वाटा यांवरून भांडणे चालू राहिली आणि २०२१ मध्ये विपर, अमानी आणि फोर्ड-केनिया यांनी बाहेर पडण्याचा मार्ग धरला. म्हणून 'नासा किती काळ टिकली' याचे उत्तर राजकारणात, हस्तांदोलनापर्यंत, सुमारे चौदा महिने आणि कागदावर चार वर्षांहून अधिक, असे दोन प्रकारे येते.

जानेवारी २०२२ मध्ये मुडावाडी आणि वेटांगुला विल्यम रुटो यांच्या 'केनिया क्वान्झा' आघाडीत गेले. कलोंझो बरेच आढेवेढे घेऊन राइला यांच्या 'अझिमिओ' आघाडीत राहिले, जिला आता केन्याटा यांचाही पाठिंबा होता. रुटो थोडक्या फरकाने जिंकले. वेटांगुला नॅशनल असेंब्लीचे सभापती झाले आणि मुडावाडी 'प्राइम कॅबिनेट सेक्रेटरी'. नासाने २०१७ मध्ये त्यांच्यासाठी योजलेले पद (प्रश्न ५) जवळपास त्याच नावाने त्यांना मिळाले, पण ज्यांना हरवण्यासाठी नासा उभी राहिली होती त्यांच्यापैकी एकाच्या हातून.

१४. या इतिहासाचा गोव्याशी किंवा भारताशी काही संबंध आहे का?

थेट नासाशी नाही, पण ओडिंगा घराण्याशी आहे. राइला यांचे वडील जारामोगी ओगिंगा ओडिंगा हे स्वतंत्र केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष. त्यांचे निकटचे सहकारी पिओ गामा पिंटो हे नैरोबीत जन्मलेले गोवेकर होते. त्यांनी भारतात शिक्षण घेतले, मुंबईत नोकरी केली आणि गोव्यातील पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या चळवळीतही भाग घेतला. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत स्वतःच्या घराच्या दारात, मोटारीत, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. स्वतंत्र केनियातील ती पहिली राजकीय हत्या. पुढच्या वर्षी ओगिंगा सरकारबाहेर पडले आणि त्यांनी केनिया पीपल्स युनियन हा विरोधी पक्ष काढला, ज्यावर १९६९ मध्ये बंदी आली. त्यांच्या जागी उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी यांचे वडीलही गोवेकर व्यापारी होते.

२०१७ च्या निवडणुकीला काही आठवडे उरले असताना केन्याटा सरकारने केनियातील आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. आणि राइला यांचे भारताशी नाते मुलीच्या डोळ्यांवरील आयुर्वेदिक उपचारांमुळे केरळमधील कूथाट्टुकुलम या गावाशी जुळले. तेथेच उपचारांसाठी आलेले असताना १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, सकाळी फिरायला गेले असता त्यांचे निधन झाले.